पाणी उतरलं की बेटं वर येतात: सीमाभागातल्या नदी सुरयाच्या मागावर

शुक्रवार

बेळगाव सोडलं तेव्हा नुकतंच उजाडलं होतं. काकती मागे पडली, वंटमुरीचा घाट ओलांडला आणि हत्तरगीजवळ महामार्ग सोडून आम्ही दड्डीच्या वाटेला लागलो. बरोबर भाची होती. ती प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते आणि तिच्या प्रकल्पाचा विषय आहे नदी सुरय (इंग्रजीत रिव्हर टर्न) हा पक्षी. मी कित्येक वर्षं या भागातल्या तळ्या-धरणांवर पक्षी बघत फिरतोय. त्यामुळे "मामा, गाडी तू काढ, बाकी सगळं मी बघते" असं ती म्हणाल्यावर रजा टाकायला मला वेळ लागला नाही.

नदी सुरय ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. राखाडी पाठ, पांढरं पोट, विणीच्या दिवसांत मानेपर्यंत उतरलेली काळीभोर टोपी, जर्द पिवळी चोच, लाल पाय आणि लांब दुभंगलेली शेपटी. पाण्यावर तरंगत जाताना चोच खाली रोखलेली असते आणि मासा दिसला की तो तिथूनच सूर मारतो. कुरव (गल), सुरय (टर्न) आणि पाणचिरे (स्किमर) हे सगळे एकाच कुळातले, आणि हे कुळ मुळात समुद्राचं. आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात दिसणारे बहुतेक सुरय परदेशातून आलेले असतात. नदी सुरय मात्र बारा महिने आपलाच. पाकिस्तानपासून भारत, म्यानमार, थेट कंबोडियापर्यंतच्या गोड्या पाण्यावर त्याचा संसार चालतो.

चालायचा, म्हणायची वेळ पूर्वेकडच्या देशांत आली आहे. थायलंड, लाओस, कंबोडिया इथल्या नद्यांवरून तो जवळपास नाहीसा होत आलाय. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत २०२० साली त्याला ‘असुरक्षित’ या वर्गात टाकलं. त्याचा भाऊबंद काळ्या पोटाचा सुरय त्याहून वाईट स्थितीत आहे, तो ‘संकटग्रस्त’ वर्गात आहे. त्याच वर्गात पाणचिराही गेला. म्हणजे वाळूच्या बेटावर उघड्यावर अंडी घालणारे आपल्या नद्यांवरचे हे तिन्ही पक्षी एकदमच अडचणीत आलेत. याला योगायोग म्हणता येणार नाही.

आत्याचं घर दड्डीत. दुपारी भाकरी, ठेचा आणि ताक झाल्यावर उन्हं कलेपर्यंत बाहेर पडायचं नाही असा तिचा हुकूम. संध्याकाळी धरणाच्या फुगवट्यावर गेलो. हिडकल, म्हणजे राजा लखमगौडा धरण, घटप्रभेवर बांधलेलं, ५१ टीएमसीचं (म्हणजे ५१ अब्ज घनफूट पाण्याचं). पावसाळ्यात इथे उभं राहिलं तर नजर पोचेल तिथवर पाणी. एप्रिलात मात्र पाणी कितीतरी मागे हटलेलं, आणि मागे राहिलेल्या जमिनीवर गाळपेरीची हिरवी पिकं. गाळ सुकून भेगाळलेला, त्यावर जनावरांच्या वाटा पडलेल्या. पाण्याच्या कडेने आर्लींचा थवा उठला, टिटव्यांनी नेहमीप्रमाणे बोभाटा केला, आणि त्या बोभाट्यावरून दोन नदी सुरय चोचीत मासा धरून आत, पाण्याच्या मधल्या अंगाला गेले. भाचीने माझ्या दंडाला धरलं. चोचीतला मासा न गिळता पक्षी एकाच दिशेला जातोय, म्हणजे पलीकडे जोडीदार तरी आहे नाहीतर पिल्लं तरी.

शनिवार

आजच्या दिवसाबद्दल सविस्तर लिहिणार आहे, पण ते बेट नेमकं कुठलं हे सांगणार नाही. फोटोच्या नादात लोक होडी करून थेट विणीच्या जागेवर उतरतात. पाच मिनिटं म्हणून जातात आणि तासभर रेंगाळतात. एप्रिलच्या उन्हात आई-बाप उडालेले असताना उघड्या अंड्यांचं काय होतं, हे त्या तासाभरात कुणी बघत नाही.

आम्ही समोरच्या काठावर, बाभळीच्या विरळ सावलीत दुर्बीण लावून बसलो. बेट म्हणजे पाणी उतरल्यावर वर आलेला टेकाडाचा माथा, मुरमाड, त्यावर चार खुरटी झुडपं. नुसत्या डोळ्यांनी काहीच दिसत नव्हतं. दुर्बिणीतून मात्र मुरमात ठिकठिकाणी काळ्या टोप्या दिसायला लागल्या, सगळ्या वाऱ्याकडे तोंड करून बसलेल्या.

त्याच्या घरट्याला घरटं तरी कसं म्हणावं? पोटाने आणि पायांनी उकरलेला बशीएवढा खळगा. त्यात काडी नाही, पीस नाही. अंडी साधारण तीन, करड्या-हिरवट रंगाची, वर तपकिरी ठिपके. मुरमात पडलेला खडा आणि हे अंडं यात फरक करायला पाखराचीच नजर हवी. हाच त्याचा बचाव आणि हाच त्याचा घात. घारीला आणि कावळ्याला अंडं पटकन दिसत नाही, पण म्हशीच्या खुरालाही ते दिसत नाही.

साडेदहानंतर ऊन चटके द्यायला लागलं आणि त्यानंतर जे बघितलं त्यासाठी मी हा प्रवास पुन्हा करीन. एक पक्षी खळग्यावरून उठला, सरळ पाण्यावर गेला, पोट दोन-तीनदा पाण्यात बुडवून घेतलं आणि परत येऊन अंड्यांवर बसला. छातीची पिसं ओली, चिकटलेली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. शेजारच्या खळग्यावरही तेच. अंडी उबवणं असं आपण म्हणतो, पण एप्रिलातल्या दुपारी हा पक्षी अंडी गार ठेवत असतो. ओल्या पोटाने अंड्यांवर बसायचं, बसता येत नसेल तर उभं राहून त्यांच्यावर सावली धरायची. आता अशा वेळी बेटावर माणूस उतरला, कुत्रं आलं, आणि पक्षी वर घिरट्या घालत ओरडत राहिले, तर अंडी कुणी न खाता, कुणी न तुडवताही संपतात.

दुपारी एक मच्छीमार काका जाळं आवरून काठाला लागले. त्यांच्या टोपलीत कटला होता, चिलापी होती. भाचीने विचारलं, "काका, ही पाखरं दरसाल येतात का हो इथं?"

"दरसाल. पाणी हाटलं की येत्यात. पण एकाच जाग्याला न्हाईत. जे बेट वर यील त्यावर."

"आणि पिल्लं?"

काका जरा थांबले. "पिल्लं दिसत्यात की. पर समदी टिकत न्हाईत. गेल्या साली पाणी लै उतारलं. हितनं चालत जायाला वाट झाली. मग कुत्र्यांनी दोन रातीत सगळं बेट साफ केलं."

ती वाट त्यांनी आम्हाला दाखवली. बेट आणि काठ यांच्यामधला चिंचोळा गळा. अजून त्यात पाणी होतं, गुडघ्याएवढं असेल. कडेच्या ओल्या गाळात कुत्र्याच्या पंज्यांचे ठसे पाण्यापर्यंत गेलेले आणि तिथूनच मागे वळलेले. ठसे ताजे होते, कडा अजून सुकल्या नव्हत्या. भाची त्यांच्याशेजारी पट्टी ठेवून फोटो काढत होती आणि मी मनात हिशोब करत होतो. अंडी फुटायला साधारण तीन आठवडे. त्यानंतर पिल्लू उडायला जवळपास महिना. तोवर धरणातून पिण्यासाठी, कालव्यांसाठी पाणी सुटत राहणार आणि हा गळा उघडा पडणार.

धरणांबद्दल एक गोष्ट मला मोकळेपणाने मान्य करावीशी वाटते. दख्खनच्या नद्यांवर वाळूची बेटं उरली नाहीत तेव्हा या पक्ष्याला धरणांनीच आसरा दिला. भद्रा धरणातल्या बेटांवर उन्हाळ्यात हजारोंनी जमणारे नदी सुरय कर्नाटकात सगळ्यांना ठाऊक आहेत, तिथल्या लक्कवळ्ळीचं सरकारी पर्यटक निवासस्थानही या पक्ष्याच्याच नावाने ओळखलं जातं. पण हा आसरा पाण्याच्या पातळीवर टांगलेला आहे. पाणी कमी उतरलं तर बेटच वर येत नाही. फार उतरलं तर बेट काठाला जुळतं आणि कुत्री, कोल्हे, जनावरं चालत पोचतात. अवेळी वाढलं तर सगळी वीण पाण्याखाली. या तिन्हींच्या मधली जी थोडकी पातळी आहे, तेवढ्यातच दोन महिने निभावायचे.

शेळ्या घेऊन एक मावशी आल्या. काकांशी त्यांचं कन्नडमध्ये बोलणं झालं, मग आमच्याशी मराठीत. गळ्याच्या तोंडाशी बोरी-बाभळीच्या फांद्यांची कुपाटी, म्हणजे काटेरी कुंपण, घालता येईल, हे त्यांनीच सुचवलं. "शेरडाच्या वाड्याला घालतोच की आमी. कुत्रं काट्यात शिरत न्हाई." काका म्हणाले, पाणी उतरत जाईल तशी कुपाटीही पुढे सरकवावी लागेल, रोज बघावं लागेल. मग दोघांनी ते आपसात वाटूनच घेतलं. आम्ही फांद्या तोडायला हात लावला तेवढाच. कंबोडियात मेकाँगच्या काठी गावकरीच या सुरयाच्या घरट्यांची राखण करतात, चंबळेवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पाणचिऱ्यासाठी हेच केलं. भाची हे काकांना सांगत होती. ते ऐकत होते, हातातलं काम न थांबवता.

रविवार

सकाळी हुन्नूरला विठ्ठलाच्या दर्शनाला गेलो. धरण झालं तेव्हा हे देऊळ बुडीत क्षेत्रात गेलं. वर्षातले बरेच महिने ते पाण्यात असतं आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं की मोकळं होतं. रविवार असल्यामुळे बेळगाव, संकेश्वर, निपाणी, गडहिंग्लजकडची माणसं मुलाबाळांसह आलेली. दगडी भिंतींवर पाण्याच्या पातळीचे पट्टे उमटलेत. ज्या पातळीमुळे देऊळ उघडं पडतं तिच्यामुळेच बेटंही वर येतात, म्हणजे विठोबाची यात्रा आणि सुरयाची वीण एकाच पंचांगावर चालते. होड्यांची हौसही याच दिवसांत. देवळाजवळ एक फलक लावून ‘या काळात बेटांवर उतरू नका’ एवढं लिहिलं तरी पुष्कळ काम होईल, आणि इथे येणारी माणसं ते ऐकतील असा माझा विश्वास आहे.

तिथून हुक्केरीमार्गे घटप्रभा. धूपदाळच्या जुन्या बंधाऱ्यामुळे नदीला जो पसारा आलाय तिथे १९७४ पासून पक्षी अभयारण्य आहे, जवळपास ३० चौरस किलोमीटरचं. हिवाळ्यात करकोच्यांसाठी आणि परदेशी बदकांसाठी लोक इथे येतात. एप्रिलात पाहुणे परतलेले. हळदी-कुंकू बदकं होती, पाणकावळे पंख वाळवत होते, थोडे चित्रबलाक. नदी सुरयही होते, एका खांबावर एक, दुसऱ्यावर दुसरा. पण आम्ही फिरलो त्या पट्ट्यात विणीची खूण कुठे सापडली नाही. बंधाऱ्यामागचं पाणी फारसं खालीवर होत नाही, त्यामुळे जी बेटं आहेत त्यांच्यावर झाडोरा आणि गवत माजलेलं. नदी सुरयाला उघडी, भुंडी जमीन लागते, चारी बाजूंनी येणारा शत्रू लांबून दिसेल अशी.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. अभयारण्य जिथे आहे तिथे हा पक्षी मासे मारतो आणि विसावतो. तो वाढतो तिथे त्याच्यासाठी एक पाटीही नाही.

मोजणीचंही तसंच आहे. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून होते, मोठं आणि मोलाचं काम आहे, पण ती जानेवारीत होते. त्या वेळी सुरय विखुरलेले असतात. धरणावर दहा-वीस दिसतात, आपण आकडा लिहितो, पुढच्या वर्षी पुन्हा तेवढेच दिसतात आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. सुरय दीर्घायुषी पक्षी. आर्क्टिक सुरय तर तीस-तीस वर्षं जगल्याच्या नोंदी आहेत. अशा जातीत ओळीने कित्येक वर्षं एक पिल्लू जगलं नाही तरी मोठे पक्षी दिसतच राहतात. नंतर ते म्हातारे होऊन एकेक करून जातात आणि मग संख्या एकदम कोसळल्यासारखी दिसते. कोसळणं आधीच झालेलं असतं, आपण चुकीच्या महिन्यात मोजत असतो. दुपारभर भाचीशी याच्यावरच बोलणं चाललं होतं. तिने प्रकल्पाची दिशाच बदलायची ठरवली: किती पक्षी आहेत हे सोडून, किती पिल्लं उडाली हे मोजायचं.

गोकाकचा धबधबा वाटेत लागला. ५२ मीटरचा तो कडा एप्रिलात जवळजवळ कोरडा, पुलावरून खालचा खडक बघितला आणि निघालो. आत्यासाठी करदंट ही मिठाई घेतली.

सोमवार

आज कृष्णा. कुडचीच्या पुलाखाली पात्र रुंद आहे, पण उन्हाळ्यातही पाणी काठाला टेकलेलं, साचलेलं, हिरवट. खालीवर बंधारे बांधल्यामुळे नदी तुकड्यातुकड्यांत अडलेली. जिथे उघडी वाळू असायला हवी तिथे खड्डे, आणि काठावर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पाण्यात उतरलेल्या. सुरय एक दिसला. बराच वेळ वाट बघितली, दुसरा आला नाही.

पुढे अंकलीजवळ एक आजोबा भेटले, आंघोळीला आले होते. त्यांच्या तरुणपणी पात्रात वाळूचा लांबच लांब पट्टा असायचा, त्याच्यावर कलिंगडाच्या वाड्या घालायचे. "राखणीला झोपडीत निजायचो. पहाटे ही पांढरी पाखरं डोक्यावर चोची मारायला यायची, त्यांच्या अंड्यांकडं गेलो की." बरीच की थोडी, असं भाचीने विचारल्यावर त्यांनी हात पसरून दाखवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्या पाखरांत काळ्या पोटाचा सुरयही असेल का, हे मी डोळ्यांसमोर आणत राहिलो. तो या नद्यांवरचा जुना रहिवासी, नदी सुरयापेक्षा लहान, विणीच्या दिवसांत पोट काळं होणारा. आज तो दख्खनेत कुणाला दिसला तर बातमी होते.

वाळू गेली ती इमारतींना. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात चिकोडी, रायबाग, अथणी तालुक्यांतली गावंच्या गावं पाण्यात होती, ते या काठावर अजून कुणी विसरलेलं नाही. पूर नदीला नवा नाही, आणि पुराने आणून टाकलेल्या वाळूवरच या पक्ष्यांचं पिढ्यान्‌पिढ्या भागत आलं. पण आता पुराने आणलेली वाळू एक उन्हाळाही टिकू देत नाहीत. त्यात आणखी एक गोष्ट. एप्रिल-मेमध्ये कृष्णा आटली की कर्नाटक कोयना-वारणेतून पाणी सोडा म्हणून महाराष्ट्राकडे मागणी करतं, आणि ते योग्यच आहे, माणसांना आणि गुरांना पाणी पाहिजे. पण ते पाणी येतं नेमकं विणीच्या भरात. एखाद्या जोडीने उरल्यासुरल्या वाळूवर अंडी घातलीच असतील, तर एका रात्रीत हातभर चढलेलं पाणी त्यांना पुरेसं आहे. पाणी टप्प्याटप्प्याने, हळू चढत गेलं तरी वाळूवरच्या अंड्यांना पळता येणार नाही. म्हणून सोडायचंच असेल तर मार्चमध्ये, पक्षी जागा धरण्याआधी थोडं सोडलं, तर ते वरची जागा निवडतील. दोन राज्यांच्या अभियंत्यांच्या बैठकीत सुरयाचा विषय कधी निघेल, हे मला आज अवघड दिसतं, पण कुणीतरी तो लेखी मांडायला हवा आणि भाची तो मांडणार आहे.

जगभर नोंदी ठेवलेल्या समुद्रपक्ष्यांची संख्या १९५० ते २०१० या साठ वर्षांत सुमारे ७० टक्क्यांनी घटली, असं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो. तिथली कारणं मासेमारीची जाळी, प्लास्टिक, बेटांवर पोचलेले उंदीर आणि मांजरं. आपल्याकडे २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात ज्या ३३८ जातींचा लांब पल्ल्याचा कल काढता आला, त्यातल्या ६० टक्के घटतायत. हे आकडे हजारो साध्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींतून निघाले. सीमाभागातून अशा नोंदी फार थोड्या जातात. बेळगाव, चिकोडी, हुक्केरी, खानापूर या पट्ट्यात मराठीतून, कन्नडमधून पक्ष्यांबद्दल जीव तोडून बोलणारी माणसं मला ठाऊक आहेत. त्यांनी नोंदी घालाव्यात, विणीची जागा लपवून घालाव्यात, आणि मे महिन्यातल्या घालाव्यात.

परतताना संकेश्वरला चहासाठी थांबलो. पश्चिमेला आभाळ भरून आलेलं, वळिवाची चिन्हं. गारा पडल्या तर लहान पिल्लांचं काय, म्हणून भाचीने काकांना फोन लावला. काका म्हणाले, तिकडे अजून थेंब नाही, कुपाटी मात्र हातभर पुढे सरकवावी लागली, पाणी उतरलंय. मेअखेरीस पिल्लं मोजायला पुन्हा दड्डीला जायचं ठरलं, आणि तारीख आत्याला तिथूनच कळवून टाकली.